पुतळा आजीचा, जमीन कोणाची?

डिसेंबर 2020 मध्ये हरारेतल्या एका पुतळ्याचे फोटो बाहेर आले आणि झिंबाब्वेभर गदारोळ उठला. पुतळा नेहांडाचा होता. 1898 मध्ये इंग्रजांनी फाशी दिलेली आणि पुढे स्वातंत्र्यलढ्याची कुलदेवता झालेली ही बाई. देश तिला ‘म्बुया’ म्हणजे आजी म्हणतो. पुतळ्यातली बाई मात्र तरुण, भरल्या अंगाची होती. ‘ही आमची आजी नव्हे,’ असं लोक म्हणाले. शिल्पकाराने नव्याने काम केलं आणि 25 मे 2021 रोजी, आफ्रिका दिनी, वय वाढवलेली, अंगाने उतरलेली नेहांडा समोरा माशेल मार्ग आणि ज्युलियस न्येरेरे मार्ग यांच्या चौकात उभी राहिली. पुतळ्याची उंची सुमारे दहा फूट आहे. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते अनावरण झालं.

पुतळ्याचं शरीर कसं असावं यावर इतकं बोलणं झालं. त्या शरीरातून जो अधिकार बोलायचा त्याचं पुढे काय झालं, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. मला तोच महत्त्वाचा वाटतो. स्वतंत्र झिंबाब्वेने, आणि त्याच्यासारख्या अनेक आफ्रिकी देशांनी, मेलेल्या स्त्री-माध्यमांना, म्हणजे ज्यांच्या अंगात पूर्वजांचे आत्मे येत अशा बायकांना, मातृदेवता केलं. जिवंत बायकांच्या हातात धर्माच्या वाटेने जी सत्ता होती ती मात्र इंग्रजांनी जिथे नेऊन ठेवली तिथेच राहू दिली. ती सत्ता जमिनीवरची होती, पावसावरची होती, आणि गादीवर कोण बसणार हे ठरवण्यातही तिचा वाटा होता.

हे नीट समजायचं तर आधी ‘नेहांडा’ हे बाईचं नाव नाही, हे लक्षात घ्यायला हवं. ते आत्म्याचं नाव आहे. परंपरेप्रमाणे नेहांडा ही मुतापा राज्याचा संस्थापक मुतोता याची मुलगी. राजघराण्यातला असा पूर्वज मेल्यावर ‘म्होंडोरो’ होतो. म्होंडोरो म्हणजे सिंह. हा सिंह-आत्मा एका ठरावीक मुलखाचा खरा धनी असतो. पाऊस तो देतो, जमीन त्याची असते, आणि हयात सरदार त्याच्या वतीने कारभार पाहतो. बोलायचं असलं की तो एखाद्या माणसाच्या अंगात येतो. त्या माणसाला शोना भाषेत, म्हणजे झिंबाब्वेतल्या बहुसंख्य समाजाच्या भाषेत, ‘स्विकिरो’ म्हणतात. फाशी गेलेल्या बाईचं नाव चार्वे न्याकासिकाना. ती माझोए खोऱ्यातल्या नेहांडाची स्विकिरो होती. झांबेझीच्या खोऱ्यात, दांदे भागात, नेहांडाची माध्यमांची दुसरी परंपरा आहे. म्हणजे चार्वे एका पदावर होती. ते पद तिच्या आधी होतं आणि तिच्यानंतरही राहिलं.

मराठी वाचकाला अंगात येणं नवं नाही. अंगात आलेल्या सुनेपुढे सासरा हात जोडतो, तेवढ्या वेळापुरती घरातली उतरंड उलटी होते, हे आपल्याकडे गावोगाव पाहायला मिळतं. शोना समाजात ही उलटी उतरंड त्या घटकेपुरती राहत नव्हती, तिला कायमचं पद होतं. आत्म्याचं लिंग आणि माध्यमाचं लिंग एकच असावं अशी अट नव्हती. पुरुष पूर्वज बाईच्या अंगात येई, आणि तो बोलत असेतो समोरचे लोक तिला ‘सेकुरू’ म्हणजे आजोबा म्हणून संबोधत. म्होंडोरोंची बरीच माध्यमं पुरुषच असत, हेही सांगायला हवं. ‘आफ्रिकेत पूर्वी देवी होती, मातृसत्ता होती, गोऱ्यांनी ती मोडली,’ अशी सोपी गोष्ट मला सांगायची नाही. बाईला त्या पदापर्यंत पोहोचायची वाट उघडी होती आणि ते पद खरं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

खरं म्हणजे किती खरं? अंगात आलं असं कुणीही म्हणू शकतं, म्हणून दांदेत दावेदाराची परीक्षा घेतली जाई. मान्यता असलेल्या जुन्या माध्यमासमोर त्याला किंवा तिला म्होंडोरोची वंशावळ योग्य क्रमाने सांगावी लागे. कोण कुणाचा मुलगा, कोण कुठून आला, कुणाचा मुलूख कुठे संपतो, हे सगळं त्यात आलं. मग काठ्यांच्या जुडग्यातून आधीच्या माध्यमाची विधीची काठी नेमकी उचलून दाखवायची. चुकलं तर दावा संपला. पास झालेल्या माध्यमाच्या दिमतीला ‘मुटापी’ असतो. येणाऱ्यांची गाऱ्हाणी तो माध्यमापुढे मांडतो आणि आत्म्याचं बोलणं लोकांना उलगडून सांगतो. माध्यमावरची बंधनंही कडक असतात. कपडा काळा किंवा पांढरा, लाल रंग वर्ज्य, कारखान्यातल्या अनेक वस्तू वर्ज्य. सरदार मेला की वारसांच्या भांडणात माध्यमाचा कौल लागतो. कुठलं रान तोडायचं नाही, कुठल्या झऱ्यावर साबण न्यायचा नाही, हेही माध्यमच सांगतं. वंशावळ आणि शिवार तोंडपाठ असलेल्या माणसाकडे हा अधिकार असणं तर्काला धरूनच होतं. लिखित दप्तर नसलेल्या मुलखात ते दप्तरच होतं.

या सगळ्या व्यवस्थेचा पाया बायकांच्या हातातल्या कामावर उभा आहे, आणि त्याकडे अभ्यासकांचंही दुर्लक्ष होतं. पावसाळ्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, ‘मुक्वेरेरा’ हा पाऊस मागण्याचा विधी होतो, बहुधा मुहाचाच्या मोठ्या झाडाखाली. तो बिअरशिवाय होत नाही, आणि ती बिअर नाचणीची लागते. आपल्या कोकणातल्या नाचणीचं मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलंच आहे. घरटी धान्य गोळा होतं. ते भिजवायचं, पानांखाली झाकून मोड आणायचे, उन्हात वाळवायचं आणि पाट्यावर दळायचं, की त्याचा माल्ट झाला. मग पिठाची पातळ पेज शिजवायची, ती निवली की माल्ट घालायचा, आंबू द्यायची, पुन्हा उकळायची, पुन्हा निववून पुन्हा माल्ट, आणि शेवटी गाळायची. सगळं मिळून साधारण सात दिवस. बिघडते ती निवण्याच्या टप्प्यावर. पेज कढत असताना माल्ट पडला तर मोडातली पाचक द्रव्यं मरतात, पिठाची साखर होत नाही आणि बिअर चढतच नाही. फार थंड पेजेत माल्ट पडला आणि ती तशीच ताटकळली तर आंबट ढाण होते. मोड जास्त ओलसर राहिले तर बुरशी धरते. थर्मामीटर नाही. बोट आणि नाक हीच मापं.

हे काम कुणीही करायचं नाही. पाळी गेलेल्या बायका किंवा पाळी न आलेल्या मुली यांनीच करायचं. यात विटाळाची कल्पना आहे, आणि ती बायकांना कमी लेखणारी आहे, हे मी नाकारत नाही. पण तिचा एक परिणाम असा की गावाचा वर्षातला सर्वात मोठा सार्वजनिक विधी म्हाताऱ्या बायकांच्या हातात राहिला. सरदार माजला, रानाची मर्यादा मोडली, तर ‘यंदा बिअर लागणार नाही’ म्हणायची ताकद त्यांच्यात होती. मराठीत ज्यांना आपण ‘गेलेल्या’ बायका समजतो, संसारातून उतरलेल्या, त्यांचा तिथे अधिकार चढत्या भाजणीने वाढत होता.

इंग्रजांनी हे कसं मोडलं? तलवारीने कमी, कागदाने जास्त. 1894 पासून दर झोपडीमागे दहा शिलिंग कर बसला. 1896 मध्ये उठाव झाला, तो पहिला ‘चिमुरेंगा’ म्हणजे मुक्तिलढा. माझोएचा नेटिव्ह कमिशनर, म्हणजे काळ्या लोकांवर नेमलेला गोरा अंमलदार, पोलार्ड मारला गेला. चार्वेवर त्याच्या खुनाचा खटला चालला आणि 27 एप्रिल 1898 रोजी तिला फाशी झाली. त्याच वेळी कागुवी या दुसऱ्या म्होंडोरोच्या माध्यमालाही फाशी झाली. त्याने शेवटी बाप्तिस्मा घेतला. तिने नाकारला. जेझुइट पाद्री रिखार्ट्झ यांनी लिहून ठेवलंय की तिला तिच्या मुलखात, माझोएला, परत जाऊन मरायचं होतं. ‘माझी हाडं पुन्हा उठतील’ हे जगप्रसिद्ध वाक्य पुढे तिच्या तोंडी रूढ झालं. मला रिखार्ट्झच्या टिपणातली ती मागणी जास्त बोलकी वाटते. तिने जमीन मागितली होती.

डेव्हिड बीच या इतिहासकाराने 1998 मध्ये खटल्याचे कागद तपासून असं मांडलं, की पोलार्डच्या खुनाचा हुकूम चार्वेने दिला हे पुराव्यावरून सिद्ध होत नाही. अनेकांना ते आवडलं नाही, जणू सेनापती नसेल तर तिचं मोठेपण उणं होतं. मला उलट वाटतं. तिचं मोठेपण तिच्या पदात होतं. लढाई चालवली म्हणूनच बाईला मोठं मानायचं, ही पुरुषी फूटपट्टी आहे.

फाशीच्या पुढच्याच वर्षी, 1899 मध्ये, ‘विचक्राफ्ट सप्रेशन’ म्हणजे चेटूकबंदीचा कायदा आला. एखाद्याला चेटकीण ठरवणं हा त्याने गुन्हा केला, आणि तेवढा भाग योग्यच होता, कारण असे आरोप बहुतेक एकट्या, म्हाताऱ्या बायकांवरच होतात. पण त्याच जाळ्यात वैदू, दैव पाहणारे, माध्यमं असे सगळेच सापडले. मग देशी रिवाज लिहून काढायचं काम सुरू झालं. कमिशनर रिवाज विचारायला गेला तो गावातल्या पुरुषांकडे. त्यांनीही जे सोयीचं तेच सांगितलं, कारण मिशनच्या शाळांकडे आणि शहरांकडे पळून जाणाऱ्या मुली-बायका त्यांच्या डोळ्यांत सलत होत्या. 1916 मध्ये विवाहित बाईशी व्यभिचार हा फौजदारी गुन्हा करणारा अध्यादेश निघाला, तो या दोन्ही बाजूंच्या पुरुषांच्या संगनमतातून. माध्यमांचा कौल मागे पडला आणि सरदार पगारी झाला. शहरांत बिअर विकायचा मक्ता नगरपालिकांकडे गेला, घरी बिअर गाळणाऱ्या बाईच्या दारात पोलीस आले. जी कला विधीच्या केंद्रस्थानी होती ती शहरात गुन्हा झाली.

दुसऱ्या चिमुरेंगात, म्हणजे 1970 च्या दशकातल्या स्वातंत्र्ययुद्धात, हा तुटलेला धागा गनिमांनी पुन्हा हातात घेतला. दांदेत उतरलेल्या झानलाच्या, म्हणजे झानू पक्षाच्या गनिमी सेनेच्या, तुकड्यांना आधी माध्यमांकडे जावं लागलं, कारण लोक माध्यमांचं ऐकत होते. नेहांडाची तिथली माध्यम तेव्हा फार म्हातारी होती. 1972 च्या सुमारास गनिमांनी तिला उचलून सरहद्दीपार मोझांबिकच्या बाजूला चिफोम्बोच्या तळावर नेलं. तिथून तिने वाटा सांगितल्या, कुठल्या अन्नाला शिवायचं नाही, बायकांशी संबंध ठेवायचा नाही, रानातली कुठली जनावरं मारायची नाहीत, हे नियम घालून दिले. 1973 मध्ये ती तिथेच वारली. बंदूकधारी तरुणांवर एका म्हाताऱ्या बाईचा हुकूम चालत होता. स्वतंत्र राष्ट्राला या नात्यावर काही उभारता आलं असतं.

18 एप्रिल 1980 ला स्वातंत्र्य आलं. हरारेच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या प्रसूतिगृहाला म्बुया नेहांडाचं नाव मिळालं. जमीन आणि पाऊस सांभाळणाऱ्या पदाला राष्ट्राने आधी मातृत्वात बसवलं, यावरून नवे राज्यकर्ते बाईकडे कसे पाहत होते ते दिसतं.

कायद्यात चांगलंही झालं. 1982 च्या कायद्याने 18 वर्षांवरची प्रत्येक बाई सज्ञान ठरली, त्याआधी काळी बाई रिवाजाप्रमाणे जन्मभर अज्ञान होती. पण राज्यघटनेच्या 23 व्या कलमात भेदभावाला बंदी घालतानाच ‘आफ्रिकी रूढी कायद्याला’ सूट दिली होती. त्या फटीतून 1999 चा मगाया खटल्याचा निकाल आला. मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या घरावर थोरल्या मुलीने, वेनिया मगायाने, हक्क सांगितला होता. सर्वोच्च न्यायालयाने रूढीप्रमाणे वारस पुरुष हवा म्हणून सावत्र भावाला कौल दिला. ही ‘रूढी’ म्हणजे कमिशनरने पुरुषांना विचारून लिहिलेलीच रूढी. मनिका भागात मुतासा राजाच्या मुली स्वतः प्रदेशांच्या प्रमुख असत, हे त्या वहीत कुणी ठळक लिहिलं नाही. म्हणून 1996 मध्ये नस्वाझीत तेवीस वर्षांच्या सिन्कोबिले माबेना सरदार झाल्या तेव्हा वडीलधाऱ्यांनी ‘हे आमच्या रिवाजात नाही’ म्हणून आरडाओरडा केला. नव्या, 2013 च्या घटनेने ही फट बुजवली. स्त्रियांच्या हक्कांवर घाला घालणारी रूढी रद्द, असं 80 वं कलम स्पष्ट सांगतं. मधली 33 वर्षं मात्र गेली.

आणि जमीन? 2000 नंतर गोऱ्यांची शेतं घेऊन वाटली गेली, ‘तिसरा चिमुरेंगा’ म्हणून, नेहांडाचं नाव घेत. या वाटपाचा आढावा घेणाऱ्या उतेते समितीच्या 2003 च्या अहवालाप्रमाणे लहान तुकड्यांच्या योजनेत स्त्री-प्रमुख कुटुंबांना साधारण 18 टक्के आणि मोठ्या व्यापारी तुकड्यांच्या योजनेत बायकांना 12 टक्के वाटा मिळाला. पुतळ्याबद्दल मला जे म्हणायचंय ते या दोन आकड्यांत आलं. आपल्याकडे शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणत बाईचं नाव सातबाऱ्यावर चढवायची मोहीम काढली होती. देवीची पूजा आणि सातबाऱ्यावरचं नाव यांतलं अंतर मराठी वाचकाला वेगळं समजावून द्यायला नको.

दाभोलकरांच्या महाराष्ट्रातला वाचक इथे थांबून विचारेल: अंगात येणं ही फसवणूक, तिचा कैवार कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि झिंबाब्वेने त्याला उदाहरणही पुरवलंय. 2007 मध्ये चिन्होयीजवळच्या एका माध्यमाने खडकातून शुद्ध डिझेल वाहतं असा दावा केला. इंधनटंचाईने टेकीला आलेलं सरकार त्यात गुंतलं, मंत्री तिच्यापुढे अनवाणी बसल्याचं जगभर छापून आलं, तिला शेत आणि पैसा मिळाला. फसवणूक उघडी पडली आणि 2010 मध्ये तिला शिक्षा झाली. शुद्ध केलेलं डिझेल खडकातून येत नाही, हे कुठल्याही भूशास्त्रज्ञाने पाच मिनिटांत सांगितलं असतं.

याहून जड आक्षेप दुसरा आहे. याच श्रद्धाविश्वात ‘न्गोझी’ आहे, खून झालेल्याचा सूड घेणारा आत्मा. त्याला शांत करायला खुन्याच्या घरची एक मुलगी मेलेल्याच्या घरी देऊन टाकतात. देवाला मुलगी सोडण्याची आपली प्रथा ज्यांना माहीत आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. 2007 च्या घरगुती हिंसाचार कायद्याने हा प्रकार गुन्हा ठरवला, आणि ते शंभर टक्के योग्य झालं. ख्रिस्ती मार्गानेही मुली सुटल्या नाहीत. काही अपोस्टोलिक पंथांत अल्पवयीन मुलींची लग्नं धर्माच्या नावाने होत राहिली. दोन तरुणींनी न्यायालय गाठलं तेव्हा, जानेवारी 2016 मध्ये, घटना न्यायालयाने 18 च्या आतलं लग्न बेकायदा ठरवलं.

म्हणूनच माझं म्हणणं आत्म्यांच्या खरेपणाबद्दल नाही. आत्मे असोत वा नसोत, स्विकिरोचं पद सार्वजनिक कामं करत होतं, आणि बायकांना त्या कामांत वाटा होता. ते पद खचलं तेव्हा ती कामं विवेकाकडे आली नाहीत. ती पगारी सरदाराकडे गेली, आणि सरदार जवळजवळ सगळे पुरुष आहेत. आत्म्याची बाई हटवली आणि जागी विज्ञान आलं असं कुठे दिसलं असतं, तर मी हा लेख लिहिला नसता.

काय करता येईल, ते नेमकं सांगता येतं. पहिलं जमिनीचं. 2014 च्या जमीन-परवाना नियमांनी लहान तुकड्यांवर नवरा-बायको दोघांचा हक्क मानलाय, पण नियम कागदावर असून भागत नाही. परवान्यावर दोन्ही नावं आणि दोन्ही सह्या असल्याशिवाय तो देऊच नये, आणि जुने परवाने जिल्हावार बदलून द्यावेत. विधवेला दिराच्या दारात उभं राहावं लागतं ते एका नावाच्या परवान्यामुळे.

दुसरं, सरदाराच्या न्यायालयाचं. वारसा आणि जमीन या विषयांत पंच म्हणून निम्म्या बायका असाव्यात, आणि त्यांत गावातल्या वयस्क बायका, विधी सांभाळणाऱ्या, वंशावळ जाणणाऱ्या, आवर्जून असाव्यात. गादीच्या वादात कौल घ्यायचा तर तो कुणाचा, कसा घेतला, साक्षीला कोण होतं, हे लिहून ठेवावं. काठी निवडायची परीक्षा ज्या समाजाने शोधली त्याला नोंदीची अडचण वाटायचं कारण नाही.

तिसरं, चेटकीच्या आरोपांचं. जुन्या कायद्याची जागा 2006 पासून नव्या फौजदारी संहितेने घेतली आहे, आणि बिनबुडाचा आरोप करणं हा आजही गुन्हा आहे. पण आरोप झालेली म्हातारी पोलिसांत जात नाही, कारण तिला त्याच गावात झोपायचं असतं. तक्रार तिच्याऐवजी आरोग्यसेविकेने किंवा शिक्षिकेने करावी, ही तरतूद हवी.

आणि चौथं, जे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही: नाचणी. वसाहतकाळात मका पसरला, नाचणी मागे पडली. ज्या गावात नाचणी पिकत नाही तिथे सात दिवसांची बिअर लागत नाही, आणि ती लागत नाही तिथे म्हाताऱ्यांना विचारायला कुणी येत नाही. कमी पावसात तगणारं हे धान्य आज हवामानासाठीही शहाणपणाचं आहे. सरकार मक्याचं बियाणं फुकट वाटतं. त्याच गोणीत पाच किलो नाचणी घालायला किती खर्च येतो?